डायनामो, कटआऊट आणि एक लाल दिवा: जुन्या पिकअपच्या चार्जिंगची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा बसमध्ये ज्यांचे इयरफोन नेमके घरी राहिलेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेले "म्हणजे"आणि "ना" थोडे कमी केलेत, बाकी गोष्ट तीच आहे.

सुरुवातीला एक प्रश्न. रात्री तुम्ही फोन चार्जिंगला लावला आणि सकाळी बघता तर 4 टक्के. आधी काय कराल? केबल हलवून बघाल. मग दुसरा चार्जर, मग दुसरा सॉकेट. फोनची पिन फुंकून बघाल. थेट जाऊन फोनची बॅटरी बदलणार नाही, बरोबर?

पण गाडीच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो. गाडी सेल्फ घेत नाही? बॅटरी गेली. नवीन टाका. आमच्या घरात हे एकदा नाही, दोनदा झालं. आजचा इतिहास त्या दोन बॅटऱ्यांपासून सुरू होतो.

चौक्याच्या अलीकडे, पहाटे तीन वाजता

आमचं गाव फुलंब्री तालुक्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमचा आणि शेजारच्या चार-पाच जणांचा भाजीपाला घेऊन जाधववाडीच्या मार्केटला जायचे. गाडी 2003 सालची डिझेल पिकअप, जुनीच घेतलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण गाडीची काही चूक नव्हती, हे पुढे कळेलच.

2018 चा हिवाळा. तेव्हा मैलाच्या दगडांवर अजून औरंगाबाद लिहिलेलं असायचं. फुलकोबी भरून अण्णा रात्री निघाले, मी सोबत. रस्त्यात एके ठिकाणी चहाला थांबलो, गाडी बंद केली. परत चावी फिरवली तर नुसतं "टक्". सेल्फ उचलेना. भरलेल्या गाडीला धक्का मारायला आम्ही दोघंच. माणसं जमेपर्यंत, गाडी सुरू होईपर्यंत, मार्केटला पोचेपर्यंत लिलाव संपत आला होता. त्या दिवशी कोबी ज्या भावाने गेली, त्यात भाडंसुद्धा निघालं नाही. आणि शेजारच्यांचा माल होता, त्यांना तोंड दाखवायचं होतं ते वेगळंच.

बॅटरी बदलली. साधारण साडेसहा हजार. दोन आठवड्यांनी परत तेच. आणखी एक बॅटरी, या वेळी उधारीवर. ती पण तीन आठवड्यांत बसली.

गंमत अशी की काही दिवस गाडी एकदम व्यवस्थित चालायची. हायवेला जोरात पळवली की दोन-तीन दिवस काही त्रास नाही. हळूहळू, गावातल्या गावात फिरवली की बॅटरी उतरलेली. आम्हाला वाटायचं, भूतबाधाच आहे.

मग एका दुकानात वायरमननी तपासणी केली. इंजिन चालू ठेवलं आणि बॅटरीचं टर्मिनल पान्यानं काढून टाकलं. इंजिन चालूच राहिलं. "बघा, डायनामो ओके आहे," तो म्हणाला. त्याचे पैसे देऊन आम्ही घरी आलो. ही तपासणी का चुकीची होती आणि का धोक्याची होती, ते समजायला आपल्याला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

"डायनामो" हा शब्द आला कुठून

आपल्या गॅरेजमध्ये जे शब्द ऐकू येतात ना, ते म्हणजे एक छोटं म्युझियम आहे. "सेल्फ" घ्या. हा सेल्फ-स्टार्टरमधला सेल्फ. 1912 च्या आधी मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. हँडल उलटं फिरलं तर मनगट जायचं. 1912 सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर आला. गाडी "स्वतःहून" सुरू होऊ लागली, म्हणून सेल्फ. शंभर वर्षांनंतरही आपण तोच अर्धा शब्द वापरतोय.

पण सेल्फ आला म्हणजे मोठी बॅटरी आली, आणि बॅटरी आली म्हणजे ती भरायची कशी हा प्रश्न आला. शिसं आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1859 मध्येच केलेली होती. आजही तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली त्याचंच तत्त्व चालतं. ही बॅटरी भरायला एकाच दिशेने जाणारा प्रवाह लागतो, म्हणजे डीसी.

इथे एक अडचण आहे. मायकेल फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलं की चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांजवळ हलवलं की वीज तयार होते. पण चुंबक गोल फिरवला की वीज एकदा इकडे, एकदा तिकडे जाते, म्हणजे एसी. पुढच्याच वर्षी, 1832 मध्ये, पॅरिसमध्ये इप्पोलिट पिक्सी यांनी असं फिरणारं यंत्र केलं आणि प्रवाहाची दिशा जुळवण्यासाठी त्यात फिरता स्विच बसवला. त्याला कम्युटेटर म्हणतात. तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, आणि त्यावर घासणारे कार्बन. प्रवाह उलटायची वेळ आली की जोडणीच उलटायची.

मोटारीतला डायनामो म्हणजे याचीच सुधारलेली आवृत्ती. गाडीची सगळी वीज त्या घासणाऱ्या कार्बनमधून बाहेर यायची. त्यामुळे ठिणग्या उडायच्या, कार्बन झिजायचे, आणि डायनामो फार जोरात फिरवता यायचा नाही. इंजिन आयडलला असेल तर तो पुरेशी वीजच द्यायचा नाही.

आणि इथून येतो आपला दुसरा शब्द: "कटआऊट". डायनामो हळू फिरत असेल तर बॅटरीतली वीज उलटी डायनामोत घुसायची. ती थांबवायला मध्ये एक विद्युतचुंबकी पट्टी असायची. डायनामोला जोर आला की ती जोडली जायची, जोर कमी झाला की "कट आऊट". आज कटआऊट म्हणून जी वस्तू दुकानात मिळते तिचं काम बरंच वेगळं आहे, ती व्होल्टेज आवरते. नाव मात्र राहिलं.

अशा गाड्या आपल्याकडे भरपूर होत्या. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप तर 6 व्होल्टवर चालायची. त्याच घराण्याच्या जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडायला सुरुवात केली. 1958 मध्ये फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली. टेम्पो हे मुळात एका जर्मन तीनचाकीचं नाव, पण मराठीत मालवाहू छोटी गाडी दिसली की टेम्पो. आमच्या पिकअपलाही गावात टेम्पोच म्हणायचे. म्हणजे बघा, नावं मागे राहतात आणि यंत्र पुढे जातं. आमच्या बाबतीत नेमका इथेच घोटाळा झाला.

1960: घासणारा भाग गेला

मग काय बदललं? सिलिकॉनचा डायोड आला. डायोड म्हणजे विजेसाठी एकेरी रस्ता, नो एंट्रीचा बोर्ड. एका बाजूने जाता येतं, परत येता येत नाही.

एसी बनवणारं यंत्र, म्हणजे अल्टरनेटर, लोकांना आधीपासून माहीत होतं. मोठ्या बस, पोलिसांच्या गाड्या अशा ठिकाणी ते वापरातही होतं. पण एसीचं डीसी करायला लागणारी जुनी उपकरणं मोठी होती. 1950 च्या दशकात सिलिकॉन डायोड लहान आणि स्वस्त झाले आणि चित्र पालटलं. 1960 मध्ये अमेरिकेत क्रायस्लरनं व्हॅलियंट या गाडीत अल्टरनेटर दिला, आणि बघता बघता जगभरच्या गाड्यांनी तो उचलला. आपल्याकडे 1961 मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली, गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारी.

अल्टरनेटरमध्ये सगळं उलटं आहे. वीज बाहेरच्या, स्थिर वेटोळ्यात तयार होते आणि डायोडच्या "प्लेट"मधून बॅटरीकडे जाते. मध्ये फिरतो तो फक्त चुंबक. कार्बन आहेत, पण त्यातून जातो तो चुंबकापुरता दोन-चार अँपिअरचा प्रवाह. म्हणून कार्बन खूप टिकतात, अल्टरनेटर जोरात फिरू शकतो, आणि आयडललाही चार्जिंग होतं. जुना कटआऊट लागतच नाही, कारण डायोड बॅटरीची वीज मागे येऊच देत नाहीत.

पण एक फरक लक्षात ठेवा. डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असायचं, त्यावर तो स्वतःच वीज बनवायला सुरुवात करायचा. अल्टरनेटरच्या रोटरमध्ये ते फार कमी असतं. त्याला सुरुवातीला बाहेरून थोडी वीज द्यावी लागते. विहिरीवरच्या पंपात आधी पाणी ओततो ना, तसं.

जुन्या गाड्यांमध्ये हे पहिलं पाणी ओततं कोण? मीटरमधला तो छोटा लाल दिवा. बॅटरीचं चित्र असलेला.

आपल्याला वाटतं तो फक्त इशारा देणारा दिवा आहे. नाही. चावी फिरवली की बॅटरीतली वीज त्या बल्बमधून रोटरपर्यंत जाते. म्हणून बल्ब लागतो. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर वीज बनवू लागला, की बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज येतं. दोन्हीकडून सारखाच जोर, मग मधून काही वाहणार नाही, म्हणून बल्ब विझतो. किती साधी रचना आहे बघा. एकच बल्ब, काम दोन.

हौद आणि नहर

आता परत आमच्या गाडीकडे. शेवटी कुणीतरी अण्णांना शहराच्या जुन्या भागातल्या एका म्हाताऱ्या वायरमनचं नाव सुचवलं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. टपरीएवढं दुकान, भिंतीवर उघडलेले आर्मेचर टांगलेले.

अण्णांनी सांगितलं, "चाचा, दोन बॅटऱ्या बदलल्या." चाचा हसले नाहीत. म्हणाले, "हौज बदलने से पानी आता क्या, भाऊ? पहले नहर देखो."

जे आपल्या शहराचे आहेत त्यांना हे लगेच कळेल. बाहेरच्यांसाठी सांगतो. 1610 मध्ये मलिक अंबरनं खडकी वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. कोरडा प्रदेश. शहराला पाणी पुरवायला त्यानं उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालून पाणी आणलं, ती नहर-ए-अंबरी. पुढे अशा आणखी नहरी झाल्या, त्यातल्याच एकीच्या पाण्यावर पाणचक्की फिरायची. पाणचक्कीचा तो मोठा हौद तुम्ही पाहिला असेल. हौद कोरडा पडला तर दोष हौदाचा असेलच असं नाही. पाणी डोंगरातून निघालं का, वाटेत कुठे गाळ साचला का, हे आधी बघावं लागतं. म्हणून तर नहरींना मध्येमध्ये विहिरीसारखी तोंडं आणि मनोरे ठेवलेले होते.

बॅटरी म्हणजे हौद. अल्टरनेटर म्हणजे डोंगरातला झरा. मधल्या तारा म्हणजे नहर. चाचांनी एकेका तोंडातून डोकावून बघायला सुरुवात केली. त्यांचा क्रम मी नंतर लिहून ठेवला, तो तुम्हालाही देतो.

एक: बेल्ट. अंगठ्यानं दाबून बघायचा. सैल असेल, चकाकत असेल, तर घसरतोय. बेल्टच फिरवत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

दोन: बॅटरीची टर्मिनल. पांढरा-हिरवट मळ साचला असेल तर साफ करून घट्ट बसवायची. अर्थची जाड वायर इंजिनला आणि बॉडीला जिथे लागते, तो बोल्टसुद्धा बघायचा. जुन्या गाडीत निम्मे रोग अर्थिंगचे असतात, हे चाचांचं म्हणणं.

तीन: मल्टिमीटर. गाडी काही तास बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की 13.8 ते 14.4 च्या आसपास यायला हवं. आकडा 12 च्या घरातच राहून खाली घसरत असेल तर चार्जिंग नाही. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळून मरेल.

चार: हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड आउटपुट टर्मिनलवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. इथे फरक 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर मधल्या वायरीत अडथळा आहे. हे म्हणजे नहरीतला गाळ शोधणं.

आमच्या गाडीत बेल्ट ठीक, टर्मिनल ठीक, वायर ठीक. मीटरवर 12.1. चाचांनी रेस जोरात वाढवली आणि एकदम आकडा उडी मारून 14 वर गेला. आणि मग रेस कमी केली तरी 14 वरच राहिला! गाडी बंद करून परत सुरू केली, पुन्हा 12.1.

चाचा म्हणाले, "चावी घुमाओ, इंजन मत चालू करो. लाल बत्ती दिखी?"

नव्हती दिसत.

आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण मीटरमधले बल्ब मी बदलले होते. दिवाळीच्या सुट्टीत, दोनशे रुपयांत, निळे एलईडी. डॅशबोर्ड काय भारी दिसत होता! जेवढे बल्ब हाताला लागले तेवढे बदलले, त्यात तो पण. एलईडी म्हणजे डायोडच, एकेरी रस्ता. तो मी उलटा बसवला होता. लागतच नव्हता. आणि सुलटा बसवला असता तरी त्यातून जाणारा प्रवाह इतका कमी की रोटर जागा झाला नसता. लाल दिवा दिसत नाही म्हणजे सगळं बरं आहे, असं आम्ही समजत होतो.

भूतबाधा पण सुटली. जोरात रेस दिली की रोटरमधलं उरलंसुरलं चुंबकत्व पुरेसं व्हायचं, अल्टरनेटर जागा व्हायचा आणि गाडी बंद करेपर्यंत जागाच राहायचा. हळू चालवली की झोपलेला.

चाचांनी डब्यातून एक साधा, काचेचा बल्ब काढून बसवला. चावी फिरवली, लाल दिवा. इंजिन सुरू, दिवा गेला. मीटरवर 14.2. बल्बचे त्यांनी पैसेसुद्धा घेतले नाहीत.

जुनी युक्ती, नवं यंत्र

मी त्यांना टर्मिनल काढायच्या तपासणीबद्दल विचारलं. तेव्हा मात्र चाचा चिडले. ही युक्ती डायनामोच्या काळातली, पेट्रोल गाड्यांची. बॅटरी काढली आणि इंजिन चालू राहिलं, म्हणजे डायनामो वीज देतोय. पण आमच्यासारख्या जुन्या डिझेल इंजिनला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नसते. पंप बेल्टवर किंवा गिअरवर फिरतो, डिझेल दाबानं पेटतं. त्यामुळे अल्टरनेटर मेलेला असला तरी ते चालूच राहणार. म्हणजे तपासणीतून कळलं शून्य.

आणि अल्टरनेटर खरंच चार्ज करत असताना बॅटरी अचानक काढली, तर व्होल्टेज क्षणात कितीतरी वर उसळतं. डायोड प्लेट आणि रेग्युलेटर जळू शकतात. त्या दिवशी आमचा अल्टरनेटर झोपलेला होता म्हणून वाचला. म्हणजे माझ्या चुकीनं त्याला वाचवलं, असंही म्हणता येईल. पण त्यात काही अभिमानाचं नाही.

त्या वायरमनला मी दोष देत नाही. तो जे शिकला, ते त्याच्या उस्तादाकडून. त्याच्या उस्तादाच्या काळात ते बरोबर होतं. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, पण आपण त्याला डायनामोच म्हणत राहिलो, आणि नावासोबत जुनी युक्तीही चालत राहिली. इतिहास माहीत असणं म्हणजे नुसत्या सनावळ्या नाहीत. कुठली रीत कुठल्या यंत्रासाठी होती, हे माहीत असणं आहे. मी बल्ब बदलला तेव्हा मलाही तो बल्ब तिथे का आहे हे माहीत नव्हतं. मला वाटलं, उजेडासाठी.

परत येताना हर्सूलपर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. दोन बॅटऱ्या, कोबीची गाडी, शेजाऱ्यांची बोलणी, सगळं त्यांनी मनात मोजलं असणार. मग एवढंच म्हणाले, "काढायच्या आधी विचारायचं ना, कशासाठी आहे ते." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरी बॅटरी नंतर चार वर्षं चालली. तिच्यात काही बिघाड नव्हताच.

तर मित्रांनो, घरी जुनी पिकअप, जीप, टेम्पो असेल तर आज एक करा. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि बॅटरीचा लाल दिवा लागतो का बघा. लागायला हवा. इंजिन सुरू झालं की विझायला हवा. दोन्ही झालं तर बरंचसं ठीक आहे. लागलाच नाही, तर खूश होऊ नका, आधी बल्ब बघा. बॅटरीच्या दुकानात त्यानंतर जा.

आणि तुमच्या भागातल्या गॅरेजमध्ये असे कुठले जुने शब्द ऐकलेत, ते मला नक्की पाठवा. त्यातल्या एखाद्या शब्दावर पुढचा भाग करू. तोपर्यंत, काळजी घ्या, आणि रात्रीच्या प्रवासाला निघताना गाडी उतारावर लावत जा. भेटू लवकरच.